तिथून फक्त मुलं आणू नका

पत्र: ताई, आम्हाला आठ वर्षांचा मुलगा आहे. दुसऱ्या देशातल्या एका बालगृहातली दोन सख्खी भावंडं, सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा, आम्ही दत्तक घेतोय. चार वर्षं कागदपत्रांत गेली. आता न्यायालयाची तारीख लागलीय आणि पाच आठवड्यांनी निघायचंय. मुलांना आजवर एकदाच, चार दिवस भेटलोय. मुलाला बरोबर न्यावं का? ह्यांचं म्हणणं, सगळेच जाऊ. सासूबाई आणि दोन्ही नणंदा घरच्यांसकट विमानतळावर येणार म्हणतायत. मुलांची नावं घरी आल्याआल्या बदलावीत असं ह्यांना वाटतं. आणि मला रात्र रात्र झोप लागत नाही ती एकाच विचाराने: ती दोघं आमच्याबरोबर यायलाच तयार झाली नाहीत तर? मला आई म्हणालीच नाहीत तर?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण झोप त्यानेच उडवलीय. मुलं त्या दिवशी हसतखेळत तुमच्याबरोबर निघणार नाहीत, हे आत्ताच मनाशी धरून चला. चार दिवसांची ओळख, भाषा कळत नाही, अशा दोन माणसांचा हात धरून सहा वर्षांची मुलगी का निघेल? तुम्ही चार वर्षं त्यांची वाट बघताय. त्यांनी तुमची वाट बघितलेली नाही. तुमच्या लेखी हा मुलांना घरी आणण्याचा प्रवास आहे. त्यांच्या लेखी त्यांना घरातून उचलून नेलं जातंय. ते घर म्हणजे ओळीने खाटा मांडलेली एक खोली का असेना, कुठल्या खाटेवर आपण झोपतो आणि रात्री दिवा कोण मालवतं हे त्यांना तिथेच ठाऊक आहे.

म्हणून रडली तर घाबरू नका. न रडली तर जास्त लक्ष ठेवा. चौदा वर्षांपूर्वी आम्ही आमच्या दोन मुलींना असंच आणायला गेलो होतो. धाकटी दाराची चौकट सोडेना, तिने आकांत केला. थोरली, तेव्हा पाच वर्षांची, माझं बोट धरून हसत चालत आली, एकदाही मागे वळली नाही. मी रात्रभर धाकटीच्या काळजीत होते. चौथ्या दिवशी थोरलीने जेवणच सोडलं. दुभाषी बाईंनी जवळ घेऊन विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘फिरून झालं, आता परत कधी जायचं?’ हे कायमचं आहे असं तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ती इतके दिवस पाहुणी म्हणून शहाण्यासारखी वागत होती.

१९५०च्या आसपास लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात आईवडिलांपासून दूर ठेवलेल्या लहान मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. आधी मूल आकांत करतं, मग खचतं, आणि शेवटी अलिप्त होतं. त्या शेवटच्या टप्प्यावर ते शांत असतं, खातंपितं, कोणाच्याही कडेवर जातं, आणि भोवतालच्या मोठ्यांना वाटतं, चला, रुळलं एकदाचं. तुमची मुलं आयुष्यात एकदा तरी या सगळ्यातून गेलेली आहेत, नाहीतर ती बालगृहात आलीच नसती. पहिल्या दिवशी जे मूल तुमच्या गळ्यात पडेल ते कदाचित वाटेतल्या कोणाच्याही गळ्यात पडेल. तो लळा नव्हे. आणि जे मूल सांभाळणाऱ्या बाईंसाठी हंबरडा फोडेल, त्याने कोणावर तरी जीव लावलेला आहे. ज्याला एकदा जीव लावता आला त्याला तो पुन्हा लावता येतो. अशा मुलाचे आईबाप होणं त्या आठवड्यात फार कठीण वाटेल, पण पुढची वाट त्याच्याकडूनच सोपी होते.

तेव्हा आत्ताच, पाच आठवडे हातात आहेत तोवर, संस्थेला लिहा. पहिली मागणी: तुम्ही पोहोचायच्या आधी मुलांना स्पष्ट शब्दांत सांगितलं जावं की हे लोक तुमचे आईबाबा होणार आहेत, त्यांच्या घरी कायम राहायचं आहे आणि दोघांना एकत्रच जायचं आहे. त्या मुलीच्या पोटात सगळ्यात मोठी भीती भावाची ताटातूट होण्याची असणार. एक छोटा अल्बम आधी पाठवा: तुम्ही दोघं, तुमचा मुलगा, घराचं दार, त्यांची झोपायची जागा, विमान. प्रत्येक फोटोखाली त्यांच्या भाषेत एक ओळ. दुसरी मागणी: ज्या बाईंशी मुलांचं सगळ्यात जास्त जुळतं त्या त्या दिवशी कामावर असाव्यात आणि मुलांना त्यांनीच तुमच्या हाती द्यावं. बऱ्याच ठिकाणी हा सगळा प्रकार पंधरा मिनिटांत उरकतात. नवे कपडे, दोन सह्या, एक फोटो, आणि गाडी निघते. तुम्ही अडून बसा. मुलांना एकेका खोलीत जाऊन निरोप घेऊ द्या. आंतरदेशीय दत्तकविधानाच्या हेग कराराचं एकोणिसावं कलम सांगतं की मुलाचं स्थलांतर सुरक्षित आणि योग्य परिस्थितीत झालं पाहिजे, आणि शक्यतो दत्तक आईवडिलांच्या सोबतीने. घाईघाईत कोंबून नेण्याला मी योग्य परिस्थिती म्हणणार नाही.

त्या बाईंना आणखी एक विनंती करा. मोबाइलवर त्यांचा आवाज टिपून घ्या: दोघांची नावं घेऊन, ‘मला तुमचा राग नाही, तुम्ही वाईट वागलात म्हणून तुम्हाला पाठवत नाही, यांच्याकडे सुखात राहा’ एवढंच. झोपवताना त्या काही गुणगुणत असतील तर तेही. अंगावरचे कपडे संस्था परत मागेल, पुढच्या मुलांना लागतात. बदल्यात नवे द्या, पण मुलांचा एक सदरा आणि एक पांघरूण मागून घ्या. आणि ते धुऊ नका. घरी आल्यावरही निदान काही आठवडे नाही. त्याला जो वास आहे तो तुमच्या घरात दुसऱ्या कशालाच नसणार.

तुमच्या पत्रातलं जे वाचून मी थबकले ते नावांचं. नका बदलू. आडनाव तुमचं लागेल, तेवढं पुरे. देश, भाषा, माणसं, खाट, सगळं एका दिवसात जाणार. हाक तरी ओळखीची राहू दे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात ओळख जपण्याचा हक्क मुलाला दिलाय, आणि ओळखीत नाव धरलेलं आहे. लोकांना उच्चार जड जातो हे कारण पुरेसं नाही. लोक शिकतात. मुलीला दहा-बारा वर्षांची झाल्यावर स्वतःला बदलावंसं वाटलं तर तिला बदलू द्या.

आता वहीबद्दल. एक जाड वही घ्या आणि तिथे असेपर्यंत रोज लिहा. मुलं किती वाजता झोपतात, दिव्यात की अंधारात, कुशीत की पालथी. शू लागली की कोणता शब्द म्हणतात. कशाला घाबरतात. अंगावर व्रण असेल तर तो कशाचा. संस्थेत कधी आली, कोणी आणली, तेव्हा अंगावर काय होतं, कोणी भेटायला यायचं का. सांभाळणाऱ्या बाईंचं पूर्ण नाव. इमारतीचा, अंगणाचा, त्या खाटांचा फोटो. दुभाष्याला जास्तीचा एक दिवस ठेवा, पण हे विचारल्याशिवाय निघू नका. माझी थोरली आता एकोणीस वर्षांची आहे. तिला आठवतं की कोणीतरी एक बाई तिचे केस विंचरायच्या आणि विंचरताना पाठीवर हलकेच थोपटायच्या. तिने मला त्यांचं नाव विचारलं. मी त्या बाईंना भेटले होते, हात हातात घेऊन रडले होते, आणि नाव विचारलं नव्हतं. याची भरपाई मला आता कशानेच करता येत नाही.

कागदांच्या बाबतीत मी अधिकच हट्टी आहे. हेग करार २९ मे १९९३ रोजी झाला, १ मे १९९५ पासून लागू झाला, आणि आज शंभरावर देश त्यात आहेत. दोन्ही देश त्यात असतील तर दत्तकविधान कराराप्रमाणे झाल्याचा तेविसाव्या कलमाखालचा दाखला हातात आल्याशिवाय परत निघू नका. त्यावरच बाकीचे सदस्य देश हे दत्तकविधान मान्य करतात. त्यातलं प्रत्येक अक्षर तिथेच तपासा: नावांची अक्षरं, जन्मतारखा, दोन्ही मुलांच्या कागदांवर जन्मदात्या आईचं नाव सारखंच लिहिलंय का. चूक तिथे असताना एका दिवसात दुरुस्त होते, घरून वर्ष लागतं. न्यायालयाचा आदेश, नवा जन्मदाखला आणि जुना जन्मदाखला, तिन्हींच्या साक्षांकित प्रती घ्या. जुना विसरू नका. नव्यात जन्मदात्यांचं नाव बहुधा उरत नाही. वकिलातीने बंद लखोटा दिला तर तो फोडायचा नाही, तसाच उतरल्यावर अधिकाऱ्याच्या हाती द्यायचा. सगळे कागद हातातल्या पिशवीत.

आणि कोणी ठरलेल्या शुल्काबाहेर रोख मागितली, ‘काम लवकर होईल’ म्हणून, तर देऊ नका आणि तुमच्या देशाच्या केंद्रीय प्राधिकरणाला, म्हणजे दत्तकविधानांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेला, त्याच दिवशी कळवा. कराराच्या बत्तिसाव्या कलमाप्रमाणे यात कोणालाही गैरवाजवी कमाई करता येत नाही. हे मी नियमावर बोट ठेवायचं म्हणून सांगत नाही. दक्षिण कोरियातून कोरियन युद्धानंतरच्या दशकांत फार मोठ्या संख्येने मुलं परदेशी दत्तक गेली, आणि मार्च २०२५ मध्ये तिथल्याच सत्य आणि सलोखा आयोगाने नमूद केलं की त्यात खोट्या नोंदी झाल्या होत्या, आईबाप हयात असलेली मुलं अनाथ म्हणून दाखवली गेली होती. नेदरलँड्सने चौकशी समितीचा अहवाल आल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये परदेशातून दत्तक घेणंच थांबवलं होतं. या सगळ्यात जी मुलं होती ती आज चाळीस-पन्नास वर्षांची आहेत आणि अजून आपली आई शोधतायत. त्यांच्या दत्तक आईवडिलांनीही तुमच्यासारखंच मनापासून प्रेम केलं होतं. त्यांनी विचारलं नाही, एवढंच. तुमच्या हातात काही खटकणारं आलं, दोन कागदांत दोन तारखा, सही ऐवजी नुसता अंगठा आणि साक्षीदार नाही, तर विचारा. उत्तर ऐकायची भीती वाटली तरी विचारा. मुलांच्या मुळाची माहिती जपून ठेवणं कराराच्या तिसाव्या कलमात सरकारांवर सोपवलंय, पण मुलगी एक दिवस विचारेल ती तुम्हालाच.

घरी पोहोचल्यावर नागरिकत्वाचं आपोआप होईल असं धरून चालू नका. देशोदेशी हे वेगळं आहे. अमेरिकेत २०००च्या कायद्याने दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व मिळू लागलं, पण २७ फेब्रुवारी २००१ रोजी ज्यांची अठरा वर्षं पूर्ण झाली होती ते त्यातून सुटले. लहानपणी आणलेली, तिथेच वाढलेली माणसं नागरिक नसल्याचं मोठेपणी कळून काहींना परत पाठवण्यापर्यंत वेळ आली. का, तर आईवडिलांकडून एक अर्ज राहिला होता.

तब्येतीचं थोडक्यात. निघण्याआधी घरातल्या सगळ्यांनी, सासूबाईंसकट, डॉक्टरांना विचारून हिपॅटायटिस ए आणि गोवराची लस झालीय ना ते पाहा. मुलांच्या लसींची वही बरोबर आणा, पण तिच्यावर विसंबू नका. रक्त तपासून किंवा पुन्हा लस देऊन डॉक्टर खात्री करतील. आल्यावर दोन आठवड्यांच्या आत क्षयरोग, हिपॅटायटिस, जंत, रक्तक्षय यांच्या तपासण्या. कपडे वयाप्रमाणे नेऊ नका, एक-दोन मापं लहान न्या. संस्थेत काढलेल्या साधारण तीन-चार महिन्यांमागे मुलाची उंची एका महिन्याने मागे पडते असा डॉक्टरांचा ढोबळ अंदाज असतो. ती पुढे भराभर भरून निघते, तेव्हा ‘किती हडकुळी’ असं मुलांसमोर कोणी म्हणू नये.

निकालानंतर व्हिसा हाती येईपर्यंतचे तिथल्या खोलीतले दिवस, एखादा आठवडा असो की चार, हे या प्रवासातले सगळ्यात मोलाचे. ते शहर बघण्यात घालवू नका. खोली, जेवण, अंघोळ, झोप, तोच क्रम, त्याच वेळा. पहिल्या दिवशी आंघोळीचा आग्रह धरू नका; पाण्याची भीती पुष्कळ मुलांना असते. उशीखाली, खिशात खाऊ लपवलेला सापडेल. काढून घेऊ नका; उलट एक डबा त्यांच्या हाताला येईल असा ठेवा, आणि तो कधीच रिकामा राहू देऊ नका. मुलगी भावाला भरवेल, त्याचं नाक पुसेल, तो रडला तर तुमच्या आधी धावेल. ती त्याची आई होती इतके दिवस. तिच्या हातून ते काम ओढून घेतलंत तर तिचं सगळंच जाईल. आधी तिच्या शेजारी बसून तिला मदत करा. हळूहळू एक घास तिला, एक त्याला, असं करत तिला तिचं लहानपण परत मिळू द्या. खाऊ घालणं, उचलणं, झोपवणं हे तुम्ही दोघांनीच करायचं, आणि घरी आल्यावरही काही महिने तसंच ठेवायचं. म्हणूनच दोघांनी जायचं आणि दोघांनी मिळूनच परतायचं. नोकरीमुळे एकाला आधी यावंच लागलं तर मुलांना दुभाष्याकडून सांगा, कॅलेंडरवर खूण करून दाखवा. त्यांच्या अनुभवात निघून गेलेलं माणूस परत येत नसतं.

त्यांच्या भाषेतले चाळीस-पन्नास शब्द आत्तापासून पाठ करा. दुखतंय का, भूक, शू, थांब, मी इथेच आहे, मी परत येते. भावंडं एकमेकांशी त्यांच्या भाषेत बोलतील, त्यांना कधी टोकू नका. ती भाषा फार लवकर जाते, महिन्यांत, आणि नवी यायला त्याहून वेळ लागतो. मधल्या काळात मुलाकडे दुःख सांगायला कुठलीच भाषा नसते. तेव्हा आदळआपट होते ती हट्टीपणामुळे नव्हे. मॉन्ट्रियलमधल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की बाळपणी चीनमधून दत्तक आलेल्या, फक्त फ्रेंच बोलणाऱ्या आणि चिनीचा एकही शब्द न उरलेल्या मुलींचे मेंदू चिनी स्वरांचे चढउतार ऐकल्यावर चिनी बोलणाऱ्या मुलींसारखाच प्रतिसाद देतात. तो आवाज टिपून घ्या म्हणाले, ते यासाठीही.

विमानात फारसं काही करता येत नाही. रात्रीचं घ्या, चढताना-उतरताना कान दुखतात म्हणून काहीतरी चघळायला द्या, सहप्रवाशांच्या नजरांकडे बघू नका.

तुमच्या मुलाला माझ्या मते नेऊ नका. तुमच्या यजमानांचं म्हणणं प्रेमाचं आहे, पण तिथे दोन मुलांना चार हात लागतील आणि तिसऱ्यासाठी पाचवा नसेल. आईला कोणीतरी परकी मुलगी ओरबाडतेय आणि आई तिलाच कुशीत घेतेय, हे आठव्या वर्षी पहिल्यांदा परक्या खोलीत बघण्यापेक्षा आजीजवळ, स्वतःच्या बिछान्यात राहून रोज व्हिडिओवर बोलणं त्याला सोसेल. त्याला खरं सांगा: सुरुवातीला मजा येणार नाही, तुझ्या वस्तू मोडतील, आणि तुला राग आला तर तो मला येऊन सांगायचा, मी रागावणार नाही. त्याची एक खोली नसेल तर एक कपाट तरी फक्त त्याचं, कुलूप लावता येईल असं, जाण्याआधी करून द्या.

आई म्हणण्याचं. दुभाष्याकडून मुलांना विचारा, आम्हाला काय म्हणाल? त्या मुलीला तिची आई आठवत असेल, आणि तो शब्द तिने तिच्यासाठी ठेवला असेल. माझी थोरली मला वर्षभर नावाने हाक मारायची. नातेवाइकांना ते फार खुपायचं. मला पहिले काही दिवस खुपलं, मग ती हाक इतकी ओळखीची झाली की दुसऱ्या खोलीतून आली तरी मी हातातलं टाकून जायची. पुढे ती आई म्हणू लागली तो नेमका दिवस मला आठवतही नाही.

विमानतळावर सासूबाई आणि तुमचा मुलगा, बस. नणंदांना तुम्ही नाही, तुमच्या यजमानांनी सांगायचं: रागावू नका, सहा-आठ आठवड्यांनी एकेक जण, थोडा थोडा वेळ या, भेटवस्तू न आणता. दहा अनोळखी माणसं एकदम पुढे आली की मुलांना वाटेल पुन्हा कोणाच्या तरी हाती देतायत. आणि मुलाला घरीच सांगून ठेवा की त्यांना बघून धावत जाऊन मिठी मारायची नाही. थोडं अंतर ठेवून थांबायचं, हात पुढे करायचा, आणि त्यांनी धरला तर धरायचा.